एका आज्ञेत प्रकल्प उभा

रुबीच्या रेल्स या वेब फ्रेमवर्कमध्ये टर्मिनलवर ‘रेल्स न्यू’ आणि प्रकल्पाचं नाव टाइप केलं की फोल्डर, फायली तयार होतात आणि पाठोपाठ लागणारी पॅकेजेस आणणारं ‘बंडल इन्स्टॉल’ आपोआप सुरू होतं. ही सोय 2011 मधल्या रेल्स 3.1 पासूनची. त्याआधी ती आज्ञा स्वतः द्यावी लागे.

जावास्क्रिप्टमध्ये मात्र एक पेच आहे : पॅकेजेस कोणाकडून आणायची, एनपीएम, यार्न की पीएनपीएम? ‘क्रिएट-नेक्स्ट-अ‍ॅप’ या प्रकल्प उभारणाऱ्या साधनाने यावर सुरेख तोड काढली आहे. हे तिघेही चालताना ‘एनपीएम_कॉन्फिग_यूजर_एजंट’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये आपलं नाव नोंदवतात. साधन ते वाचतं आणि ज्याच्यामार्फत आज्ञा आली, त्याच्यावरच इन्स्टॉलचं काम सोपवतं. नाहीतर एकाच प्रकल्पात पॅकेजेसच्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या दोन लॉक फायली येतात आणि सहकाऱ्यांकडे वेगवेगळ्या आवृत्त्या बसतात.

धोकाही ध्यानात घ्यावा. पॅकेजसोबत आलेली ‘पोस्टइन्स्टॉल’ स्क्रिप्ट तुमच्याच संगणकावर, तुमच्याच अधिकारांनी चालते. पीएनपीएमने दहाव्या आवृत्तीपासून अवलंबित पॅकेजेसच्या अशा स्क्रिप्ट मुळातच बंद ठेवल्या, हे योग्यच झालं.

असं साधन स्वतः लिहीत असाल, तर ‘स्किप-इन्स्टॉल’चा पर्याय जरूर ठेवा. आणि इंटरनेट मध्येच तुटलं, तर तयार फायली पुसू नका. पुढची आज्ञा कोणती द्यायची, ते स्क्रीनवर स्पष्ट लिहा.