चाळीस किलोबाइटांतील कारागिरी

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला आणि भर दुपारी नवी पेठेसारखा गजबजलेला भागही ओस पडू लागला की मुलांना घरात अडकवून ठेवण्यावाचून सोलापुरातील वडीलधाऱ्यांना गत्यंतर नसे. आणि १९९० नंतरच्या दशकात या सक्तीच्या दुपारींत जो ‘व्हिडिओ गेम’ घरोघरी शिरला, त्यातील मिशाळ मारिओविषयी आपले मत बनवावयास आपल्या शहराने फार वेळ घेतला नाही. वडीलधाऱ्यांच्या लेखी तो डोळे आणि अभ्यास या दोहोंची नासाडी करणारा पोरखेळ होता. मुलांच्या लेखी उजवीकडे पळत सुटावे, कासवे तुडवावीत आणि झेंडा गाठावा, एवढाच त्याचा मजकूर होता, आणि त्याच कॅसेटमध्ये ‘कॉन्ट्रा’ हा दुसरा खेळ असला तर मारिओची पाळी नंतर येई. हे दोन्ही अभिप्राय प्रामाणिक होते. तथापि ज्या पुराव्यावर ते दिले गेले तो पुरावाच अपुरा होता, म्हणून त्यांची फेरतपासणी करणे मला अगत्याचे वाटते.

‘लिटल मास्टर’सारख्या नावांनी आपल्याकडे विकली गेलेली यंत्रे ही जपानच्या निन्तेन्दो कंपनीने १९८३ साली काढलेल्या ‘फॅमिकॉम’च्या नकला होत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका यांनी रचला आणि तो १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानात प्रसिद्ध झाला. जपानी दूरचित्रवाणी संचावर सेकंदाला सुमारे ६० चित्रे उमटतात, आपल्या पाल पद्धतीच्या संचावर ५०. आणि या खेळाचा सारा हिशेब, मारिओच्या धावेपासून कोपऱ्यातल्या घड्याळापर्यंत, चित्रांच्या संख्येशी बांधलेला असल्यामुळे, पाल पद्धतीच्या नकली यंत्रावर तो एकषष्ठांशाने मंद चाले. घड्याळाचा एक आकडा २४ चित्रांनंतर उतरतो. म्हणजे पहिल्या पातळीची ४०० आकड्यांची मुदत मूळ यंत्रावर १६० सेकंदांत सरते, ती या नकलेवर १९२ सेकंदांपर्यंत लांबे. कर्त्याने योजिलेली लय ज्यांच्या कानी-डोळी कधी पडलीच नाही, त्यांनी त्या खेळाला संथ अथवा सोपा ठरवले असेल तर त्याचा दोष त्यांच्याकडे जात नाही.

परंतु वेगाहूनही मोठी गोष्ट नजरेतून निसटली, ती रचनेची. पहिल्या पातळीचा आरंभ पाहा. समोरून एक तपकिरी, रागीट चेहऱ्याचा प्राणी चालत येतो. त्याचा स्पर्श होताच जीव जातो, आणि त्यावरून उडी मारली पाहिजे हे कोणी न सांगता उमगते. पुढे डोक्यावर प्रश्नचिन्हाची पेटी आहे. तिला धडक देताच अळंबी बाहेर पडते, तिचा आकार त्या प्राण्याशी मिळताजुळता असल्यामुळे नवखा खेळाडू बिचकतो, ती उजवीकडे घरंगळत जाते, हिरव्या नळाला आपटते आणि उलटून थेट त्याच्याच अंगावर येते. त्या अरुंद जागेत तिला चुकवणे कठीण. बहुधा ती लागतेच, आणि लागताच मारिओ मोठा होतो. पातळीच्या उत्तरार्धात दोन पायऱ्यांचे चढ समोरासमोर उभे केले आहेत, त्यांच्या मधोमध सपाट जमीन आहे, तेथे उडी चुकली तरी काहीच बिघडत नाही. थोडे पुढे तशीच जोडी पुन्हा येते आणि या खेपेस मधे खड्डा असतो. धोक्याची उडी मारावयाच्या आधी तीच उडी निर्धोक जागी गिरवून घेण्याची ही तजवीज उत्तम शिक्षकाची आहे, आणि तीत उपदेशाचे एक अक्षरही नाही.

हे सारे अवघ्या चाळीस किलोबाइटांत बसवलेले आहे, ३२ कार्यक्रमाचे आणि ८ चित्रांचे. आणि येथे सोलापूरच्या माणसाची दृष्टी इतरांहून अधिक तयार असावी असे मला मनापासून वाटते. जॅकार्ड मागावरची चादर विणण्यापूर्वी आराखडाकार चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून मोर किंवा फूल उभे करतो, मोजक्या रंगांत भागवतो, नक्षीचा अर्धा भाग उलटवून दुसरा अर्धा मिळवतो, आणि मग त्या घरांवरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना छिद्रे पाडली जातात. मारिओचे चित्रही आठ बाय आठ घरांच्या तुकड्यांचेच; लहान मारिओ अशा चार तुकड्यांत उभा राहतो, आणि एका आकृतीला पार्श्वभूमीखेरीज तीनच रंगांची मुभा आहे. आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप हा एकच आकार, केवळ रंग निराळा. तो तपकिरी प्राणी तर सर्वांत शेवटी घडवला गेला आणि तोवर जागा जवळजवळ संपली होती. म्हणून त्याचे एकच चित्र काढून ते डावे-उजवे उलटवत त्याला चालते केले. काटकसरीतून उपजलेली ही कारागिरी आपल्या पूर्व भागातील मागवाल्यांच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे.

कोजी कोंदो यांचे संगीतही असेच तुटपुंज्या साधनांचे: तीन स्वर आणि तालापुरती एक खरखर, उडी मारली किंवा नाणे उचलले की त्या आवाजासाठी संगीतातील एक स्वर क्षणभर जागा सोडतो. त्याच मुख्य चालीची नोंद २०२३ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय दप्तरात केली, आणि व्हिडिओ गेमच्या संगीताला तो मान प्रथमच मिळाला.

मुलांचा वेळ फार जातो, ही वडीलधाऱ्यांची तक्रार मात्र आजही रास्त आहे, आणि ती मी खोडून काढणार नाही. पण खेळाविषयीचे मत पुन्हा पडताळावयाचे असेल तर आता हा खेळ मूळ वेगाने खेळता येतो. पाल यंत्रावर सरावलेल्या बोटांची उडी तेथे आरंभी उशिरा पडते. तेव्हा पहिल्या पातळीत धावण्याच्या बटनाला हात न लावता चालत जावे, अळंबी नळावरून परतताना पाहावी, आणि पायऱ्यांच्या पहिल्या जोडीत एकदा मुद्दाम खाली उतरावे.