नगर आणि नागरिक – लेखांक ६ : उघड्यावर निजणारा माणूस आणि कलम २३१

फेरीवाल्यांना २०१४ च्या कायद्याने कोणते संरक्षण दिले, हे गेल्या लेखांकात आपण पाहिले. जागा हलवावयाची झाल्यास तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि माल जप्त झालाच तर त्याची यादी करून, नाशवंत असल्यास त्याच दिवशी व एरवी दोन कामकाजाच्या दिवसांत, तो परत करावा लागतो. त्याच रस्त्यावर, हातगाड्या परतल्यावर आणि दुकाने बंद झाल्यावर, जो माणूस पायरीच्या आडोशाला पाठ टेकतो, त्याच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही. कारण तो काही विकीत नाही, आणि निजणाऱ्याची दाद घेणारी कोणतीही समिती त्या कायद्याने नेमलेली नाही.

सोलापूरची नगरपालिका १ मे १९६४ रोजी महानगरपालिका झाली. तिचा कारभार ज्या १९४९ च्या अधिनियमाने चालतो, त्यातील लागोपाठची तीन कलमे या विषयाच्या मुळाशी आहेत. कलम २२९ अन्वये रस्त्यावर भिंत, कुंपण, खांब, पायरी अशी अडथळा करणारी रचना उभारण्यास मनाई आहे. २३० अन्वये खुर्ची, बाक, पेटी, शिडी, गठ्ठा किंवा अन्य कोणतीही वस्तू रस्त्यात अडथळा होईल अशी ठेवण्यास मनाई आहे. आणि २३१ ने आयुक्तांस असे सर्व काही नोटीस न देता हलविण्याची मुखत्यारी दिली आहे. या कलमांचा हेतू गैर होता असे कोणी म्हणणार नाही. अरुंद पेठांच्या जुन्या शहरात वृद्धेला, अंधाला आणि शाळेतून परतणाऱ्या मुलाला पदपथ मोकळा मिळालाच पाहिजे. परंतु ही कलमे वस्तूंसाठी लिहिली गेली, माणूस त्यांच्या रचनेत कोठेच नाही, आणि ज्याचा सारा संसारच एका गठ्ठ्यात मावतो अशा माणसावर ती चालविली जातात तेव्हा जे हलविले जाते ते कायद्याच्या दृष्टीने गठ्ठा असले तरी त्या माणसाच्या दृष्टीने घर असते.

असे बोचके जवळून पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. एक विटलेली गोधडी, ॲल्युमिनियमचे ताट, पाण्याची बाटली, आणि सर्वांत आत, प्लॅस्टिकच्या पिशवीत सुतळीने बांधलेले कागद : आधार कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, सरकारी रुग्णालयाचा केसपेपर. अतिक्रमण विभागाच्या ट्रकमध्ये ते पडले, तर सोडवून आणावयास ओळख दाखवावी लागणार, आणि ओळख तर त्या बोचक्यातच गेलेली असणार. रेशन, औषध, मजुरीच्या बँकखात्यातील पैसे, हे सारे त्या एका पिशवीवर अवलंबून असते; म्हणून पदपथ मोकळा करण्याची पाच मिनिटांची कारवाई त्या माणसाला कित्येक महिने मागे लोटू शकते.

न्यायालयांनी या मुखत्यारीस मर्यादा घातलेल्या आहेत, आणि त्या सोलापुरास थेट लागू पडतात. अहमदाबादेतील राखियाल रस्त्याच्या पदपथावर राहणाऱ्यांचे प्रकरण याच अधिनियमाच्या याच कलमांखाली सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर १९९६ च्या निर्णयात न्यायालयाने अतिक्रमणाचा हक्क मानला नाही. मात्र ज्यांना राहू देऊन काळ लोटला आहे त्यांना दहा दिवसांची वा दोन आठवड्यांची नोटीस द्यावी, ती पंचांच्या साक्षीने चिकटवावी, अशी रीत घालून दिली. त्याआधी, १० जुलै १९८५ रोजी, ओल्गा टेलिस प्रकरणात सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले होते. त्या निकालपत्रात संगमनेरहून १९६९ मध्ये मुंबईस आलेल्या एका चर्मकाराची हकीगत आहे : गावी दिवसाला सात-आठ रुपये मिळत, घर पडले, मुंबईत बदली कामगाराची महिना ३५० रुपयांची नोकरी लागली, आणि तुळशीवाडीच्या पदपथावरील जागेसाठी त्याने तेथील गुंडाला ३०० रुपये मोजले. जी जागा कायद्याने कोणाचीच नाही तिचेही भाडे गरीब भरीत असतो, हे त्या कोरड्या नोंदीतून जितके कळते तितके मोठमोठ्या अहवालांतून कळत नाही. हाच निकाल झोपड्या हटविण्यास मात्र आडवा आला नाही. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, मुदत तेवढी मिळाली.

महापालिकेची हद्द संपते तेथे दुसऱ्याची सुरू होते, ही उघड्यावर निजणाऱ्याची दुसरी अडचण. सोलापूर स्थानकाच्या फलाटावर १९८९ चा रेल्वे अधिनियम चालतो. बाहेर रस्त्यावर येताच महापालिका. एसटी स्थानकात परिवहन महामंडळ. शासकीय रुग्णालयाच्या आवारात, जेथे रुग्णांचे परगावचे नातेवाईकही उघड्यावर रात्र काढतात, राज्य शासन. आणि सिद्धेश्वर मंदिराच्या परिसरात देवस्थान. प्रत्येक जण आपापल्या हद्दीतून त्याला उठवू शकतो, आणि त्याला कोठे पाठवावयाचे हे सांगणे कोणाच्याच कामात मोडत नाही.

याच्या जोडीला पोलिसांकडे १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम आहे. उपजीविकेचे दृश्य साधन नसता सार्वजनिक ठिकाणी भटकणारा किंवा थांबणारा, आणि त्यावरून भिक्षेवर जगत असावा असे वाटणारा माणूस, हाही त्याच्या व्याख्येत भिकारी ठरतो. वॉरंटावाचून अटक करता येते, आणि पहिल्याच खेपेस एक ते तीन वर्षांची रवानगी भिक्षेकरी गृहात होऊ शकते. दिल्लीस लागू केलेल्या या अधिनियमाची बहुतेक दंडात्मक कलमे तेथील उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी घटनाबाह्य ठरविली. महाराष्ट्र ही त्या कायद्याची जन्मभूमी. येथे मात्र तो उभाच राहिला.

सोलापुराने अशा कायद्याचे टोक पाहिले आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली येथे वसविलेल्या सेटलमेंटमध्ये भटक्या जमातींची माणसे तारेच्या कुंपणाआड ठेवली जात, त्यांची हजेरी घेतली जात, आणि कुंपणाबाहेर जावयास परवाना लागे. कित्येकांची मजुरी शहराच्या कापडगिरण्यांत होई. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. ठावठिकाणा नसणे हाच संशयाचा पुरावा मानण्याची वृत्ती मात्र त्याबरोबर गेली नाही, आणि १९५९ च्या व्याख्येत मला तिचाच अवशेष दिसतो.

आता निवाऱ्याकडे वळू. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचे मान असे होते की, दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा कायम निवारा असावा, तो चोवीस तास उघडा असावा, प्रत्येकास पन्नास चौरस फूट जागा मिळावी, आणि तो स्थानके व बाजार यांच्याजवळ, म्हणजे बेघर माणसे जेथे वावरतात तेथे असावा. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. त्या मानाने सुमारे साडेनऊशे जणांच्या निजण्याची सोय ही महापालिकेची जबाबदारी ठरते. निवाऱ्यांसाठी दिलेला पैसा देशभर का खर्च होत नाही हे शोधण्यास सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०१६ मध्ये समिती नेमावी लागली, यावरून योजना व अंमलबजावणी यांतील अंतर ध्यानी यावे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०२४ रोजी, ग्रँट्स पास या लहानशा शहराच्या प्रकरणात, निवाऱ्यात जागा नसली तरी उघड्यावर निजण्याबद्दल दंड करता येतो असा निर्णय दिला. आपण त्या वाटेने जाऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण जागा नसता केलेला दंड ही शिक्षा कोणत्या कृत्याची, याचे उत्तर देता येत नाही.

कलम २३१ आयुक्तांना मुभा देते, सक्ती करीत नाही. म्हणून उपाय त्यांच्याच हाती आहे, आणि त्यास नवा कायदा लागत नाही. एक स्थायी आदेश पुरेसा आहे : अतिक्रमण विभागाच्या पथकाबरोबर निवारा चालविणाऱ्या विभागाचा माणूस असावा, त्या रात्री कोणत्या निवाऱ्यात किती जागा रिकामी आहे हे त्याला ठाऊक असावे, आणि जागा नसल्यास निजलेल्यास उठवू नये, कागद व औषधे कोणत्याही सबबीवर जप्त होऊ नयेत, उरलेल्या सामानाची यादी करून तिची प्रत जागीच द्यावी, आणि ओळखपत्रावाचून, त्या प्रतीवरच, सामान परत मिळावे. फेरीवाल्याच्या टोपलीला जे मिळाले ते गोधडीला देण्यास हरकत कोणती, हे प्रशासनाने लेखी सांगावे.

पुढील लेखांकात : निवाऱ्याच्या दारात विचारली जाणारी कागदपत्रे, आणि स्त्रियांसाठीची वेगळी व्यवस्था.