जुनी होडी केवढ्याला पडते?

वेसावे, मढ, गोराई, मनोरी ही नावे मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्यांना परिचयाची आहेत. पावसाळ्यात मासेमारी बंद असली की तेथे किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या दिसतात. आता बहुतेकांना इंजिने असतात. पण समजा, तेथे शिडाच्या दोन जुन्या लाकडी होड्या विकाऊ आहेत. माप एकच. एकीची किंमत ४० हजार रुपये, दुसरीची ६० हजार. तुम्ही कोणती घ्याल?

थोडे गणित करू. आकडे कल्पित आहेत, रीत मात्र खरी. पहिलीला दुरुस्ती २५ हजार, देखभाल वर्षाला १२ हजार. पाच वर्षांनी ती १५ हजारांना विकली. खर्च झाला ४० + २५ + ६० − १५ = ११० हजार. दुसरीला दुरुस्ती ५ हजार, देखभाल वर्षाला ८ हजार, आणि विकताना आले ३५ हजार. खर्च ६० + ५ + ४० − ३५ = ७० हजार. म्हणजे स्वस्त होडीच महाग पडली!

मग दुरुस्तीचा अंदाज आधी कसा करावा?

होडी किनाऱ्यावर आहे तोवर तिचा तळ पाहा. टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसली तर सावध व्हा. टेरेडो हा प्राणी दिसतो अळीसारखा, पण आहे शिंपल्यांच्या कुळातला. तो अगदी लहान असताना लाकडात शिरतो आणि आत कोरत वाढत जातो. वरून फळी धड दिसते, आतून ती पोखरलेली असते. लाकडी हातोडीने ठोकून पाहिल्यास पोकळ जागेचा आवाज वेगळा येतो.

पावसाळ्यानंतर दोन्ही होड्या रिकाम्याच पाण्यात सोडा. पहिली ३ सेंटिमीटर अधिक बुडाली असे धरू. पाण्याच्या पातळीला तिचे क्षेत्रफळ ८ चौरस मीटर असेल, तर जादा बाजूला सारलेले पाणी ८ × ०.०३ = ०.२४ घनमीटर. समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला सुमारे १०२५ किलोग्रॅम असते. म्हणून आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार जादा वजन सुमारे २४६ किलोग्रॅम! ते लाकडात मुरलेल्या पाण्याचे असेल, नाहीतर ठिगळांचे. म्हणजे कोणी चढण्यापूर्वीच चार माणसे होडीत बसलेली आहेत.

आता शीड आणि दोर. मंद वाऱ्यात ते टिकले म्हणून निर्धास्त राहू नका. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला ५ मीटर वेगाच्या वाऱ्याचा १० चौरस मीटर शिडावर सुमारे १५० न्यूटन जोर पडत असेल, तर १० मीटर वेगाला तो ६०० न्यूटन होतो. उन्हाने कमकुवत झालेला नायलॉनचा दोर नेमका तेव्हाच, किनाऱ्यापासून दूर असताना तुटतो. त्याची किंमत रुपयांत मोजता येत नाही.

मग जुनी होडी घेऊच नये का? तसे नाही. मुंबईत सागवानात बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे. पण १९९० पासून २००१ पर्यंत त्याची दुरुस्ती चालली होती! वय विचारावेच, पण त्याहून अधिक देखभाल विचारावी.

घरी एक प्रयोग करा. प्लॅस्टिकचा चौकोनी डबा पाण्यात तरंगत ठेवा. त्यात १०० ग्रॅम वजन घालून तो किती बुडतो ते पट्टीने मोजा, आणि आधी गणिताने काढलेल्या उत्तराशी ताडून पाहा.