विश्लेषण : टस्कनीच्या खेड्यांतील सहल कशी आखावी? गावे कमी आणि मुक्काम जास्त का हवा?

इटलीच्या सहलीत टस्कनी प्रांताच्या वाट्याला बहुतेक वेळा दीड दिवस येतो. फ्लॉरेन्समध्ये एक धावती फेरी, पिसाच्या कलत्या मनोऱ्यासमोर छायाचित्र आणि पुढे रोम. कॅलेंडरवर दिसणाऱ्या टेकड्या, सायप्रसच्या रांगा आणि माथ्यावरची दगडी गावे बसच्या खिडकीतूनच मागे पडतात. वास्तविक या प्रांतातील ग्रामीण भाग हाच जागतिक वारसा आहे. तो पाहायचा तर आखणी वेगळी करावी लागते.

शेतशिवार वारसास्थळ कसे ठरले?

सिएना शहराच्या दक्षिणेला असलेल्या ‘व्हाल दोर्चा’ या खोऱ्याला युनेस्कोने २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत स्थान दिले. हे क्षेत्र सुमारे ६१ हजार हेक्टर आहे. येथील भूदृश्य निसर्गतः जसेच्या तसे मिळालेले नाही. चौदाव्या-पंधराव्या शतकात सिएना नगरराज्याने हा मुलूख आपल्या अमलाखाली आणला आणि उत्तम राज्यकारभाराचे चित्र जमिनीवर दिसावे, अशा रीतीने शेती, रस्ते आणि वस्त्यांची मांडणी केली. त्याच कल्पनेचे चित्ररूप सिएनाच्या ‘पालाझ्झो पुब्लिको’ या नगरभवनात आहे. आंब्रोजो लोरेन्झेत्ती याने १३३८-३९ मध्ये तेथे सुशासन आणि दुःशासनाचे परिणाम दाखवणारी भित्तिचित्रे रंगवली. त्यात शहराबाहेरची नांगरलेली शेते आणि निर्धास्त प्रवासीही आहेत. म्हणून आधी सिएना आणि मग खोरे, हा क्रम सोयीचा ठरतो. भिंतीवर पाहिलेले चित्र दुसऱ्या दिवशी शिवारात ओळखता येते.

कोणती ठिकाणे निवडावीत?

आठ रात्री हाताशी असतील तर फ्लॉरेन्समध्ये दोन, सिएनात तीन आणि व्हाल दोर्चात तीन अशी विभागणी करता येईल. सिएनाहून सान जिमिन्यानो एका दिवसात होते. मध्ययुगात तेथील श्रीमंत घराण्यांनी एकमेकांवर कुरघोडी करण्यासाठी ७२ मनोरे उभारले होते. त्यांपैकी १४ शिल्लक आहेत. खोऱ्यात पिएन्झा पाहण्यासारखे आहे. पोप पायस दुसरा याने १४५९ पासून आपले जन्मगाव बेर्नार्दो रोस्सेल्लिनो या वास्तुविशारदाकडून नव्याने बांधून घेतले. नियोजित नगररचनेचा हा युरोपातील सुरुवातीचा नमुना. तेथून मॉन्तेपुल्चानो जेमतेम १५ किलोमीटरवर आहे. दिवसाला दोनपेक्षा अधिक गावे ठरवू नयेत. गावे टेकडीच्या माथ्यावर असल्याने चढण पायीच चढावी लागते आणि अंतर कमी असले तरी वळणावळणाच्या रस्त्यांवर वेळ जातो.

गाडी हवी की नको?

आखणीत सर्वाधिक चुका येथे होतात. फ्लॉरेन्स आणि सिएनात गाडीचा उपयोग नाही, उलट अडचणच होते. फ्लॉरेन्सहून सिएनाला रेल्वेने सुमारे दीड तास लागतो. सिएनाहून पोज्जिबॉन्सीला जाऊन तेथून बसने सान जिमिन्यानो गाठता येते. प्रादेशिक रेल्वेचे कागदी तिकीट गाडीत बसण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात छापून घ्यावे लागते. ते राहिल्यास तिकीट असूनही दंड होऊ शकतो.

व्हाल दोर्चात मात्र बस मोजक्या आणि रविवारी त्याहून कमी. त्यामुळे शेवटच्या टप्प्यापुरती गाडी भाड्याने घेणे योग्य. त्यासाठी भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो आरटीओकडून मिळतो आणि वर्षभर चालतो.

‘झेडटीएल’ म्हणजे काय?

जुन्या गावठाणांत ठरावीक वेळी केवळ परवानगी असलेल्या वाहनांनाच प्रवेश असतो. या मर्यादित वाहतूक क्षेत्राला इटालियन आद्याक्षरांवरून ‘झेडटीएल’ म्हणतात. तेथे फाटक नसते, पोलीसही दिसत नाही. कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो. गाडी देणारी कंपनी चालकाचा तपशील कळवते, त्याचे शुल्क कार्डातून कापते आणि काही महिन्यांनी दंडाची नोटीस घरी येते. चुकून दोनदा आत शिरल्यास दोन दंड. त्यामुळे गाडी तटबंदीबाहेरच्या वाहनतळावर ठेवावी. हॉटेल आत असेल तर गाडीचा क्रमांक आधी कळवून नोंद झाल्याची खात्री करावी.

मुक्काम शेतावर का?

टस्कनीत शतकानुशतके ‘मेझाद्रिया’ म्हणजे आपल्याकडील अर्धेलीसारखी पद्धत होती. जमीन मालकाची, राबणूक कुळाची आणि पीक निम्मे-निम्मे. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळे शहरांकडे गेली, १९६४ मध्ये असे नवे करार करण्यास कायद्याने बंदी आली आणि शिवारातील घरे ओस पडली. पुढे १९८५ च्या कायद्याने ‘आग्रितुरिस्मो’ला म्हणजे शेतावरील पाहुणचाराला चौकट दिली. त्यात शेती हाच मुख्य व्यवसाय असावा लागतो. त्यामुळे येथे दिलेले भाडे शेती टिकवण्यास हातभार लावते.

कधी जावे, काय खावे?

एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ उत्तम. मे महिन्यात टेकड्या हिरव्या असतात, जुलैत कापणीनंतर सोनेरी आणि शरदात नांगरटीनंतर तपकिरी. सिएनातील ‘पालिओ’ ही घोड्यांची शर्यत २ जुलै आणि १६ ऑगस्टला होते. त्या दिवसांत खोल्या महाग आणि दुर्मीळ असतात. शाकाहारींसाठी शिळा पाव, घेवडा आणि पालेभाजीचे ‘रिबोलिता’ हे दाट सूप किंवा हाताने वळलेला ‘पिची’ पास्ता आहे. मात्र त्यात मांसाचा रस्सा नाही ना, हे विचारून घ्यावे. पिएन्झाचे मेंढीच्या दुधाचे ‘पेकोरिनो’ चीज पारंपरिक पद्धतीत प्राणिजन्य विरजणाने बनते. दुपार आणि रात्र यांच्या मधल्या वेळेत बहुतेक खानावळींची स्वयंपाकघरे बंद असतात.

व्हिसाचे काय?

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. अनेक देश फिरायचे असल्यास जेथे मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. म्हणजे रात्रींची विभागणी अर्जापूर्वीच पक्की हवी. ती करतानाच खोऱ्यासाठी तीन रात्री राखून ठेवल्या, तर हा वारसा बसच्या खिडकीतून पाहण्याची वेळ येत नाही.