गर्दीतलं नाव

आत्यानं बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगितलं, घुगऱ्या वाटून झाल्या, की जमलेल्या बायकांत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं : "हेच का ठेवलं? आमच्या जावेच्या नातीचं पण हेच आहे."

तक्रार खोटी नाही. लोणंद, शिरवळ, फलटण, वाई, कुठल्याही शाळेचा पहिलीचा हजेरीपट पाहा. आर्या, स्वरा, अनन्या, आरोही. मुलांत आरव, शौर्य, रुद्र, विहान, शिवांश. बाईंना हजेरी घेताना नुसत्या नावानं भागत नाही, आडनाव जोडावं लागतं. आणि शिंदे, जाधव, पवार, शेळके अशा मोजक्या आडनावांच्या आपल्या पट्ट्यात आडनावानंही भागत नाही, मग वडिलांचं नाव येतं. आजी-आजोबांचं म्हणणं असं, की या पिढीला नावंच सुचत नाहीत. तरुण आईबापांना वेगळीच धास्ती : आपण वेगळं म्हणून निवडलेलं नाव शाळेत गेल्यावर तिघांचं निघेल.

माझं मत आधीच सांगून टाकते. एक नाव अनेकांचं असण्यात मुलाचं काही बिघडत नाही. नावामुळे मुलाचं खरोखर काय बिघडू शकतं, ते सातारा जिल्ह्याइतकं जवळून फार थोड्या जिल्ह्यांनी पाहिलं आहे. त्याकडे येतेच. पण आधी ही गर्दी होते कशी, ते पाहू.

ती आजची नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या पिढीत गावोगाव तानाजी, शिवाजी, संभाजी, हणमंत, दत्तात्रय, पांडुरंग होते. बायकांत सुमन, शालन, मालन, कमल, मंगल. गावानं त्यावर आपला इलाज काढला होता. एक मळ्यातला दत्ता, एक वरच्या आळीचा दत्ता, तिसऱ्याला आप्पा म्हणायचं. कागदावरचं नाव लग्नपत्रिकेपुरतं आणि सातबाऱ्यापुरतं, रोजच्या वापरात बाळू, सोन्या, नाना, तात्या. मधल्या पिढीत सुनीता, अनिता, संगीता, सविता, कविता, वनिता आल्या. एकाच घरातल्या तिघी बहिणींची नावं 'ता' वर संपायची आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही.

या 'ता'मध्येच गर्दीचं खरं कारण आहे. फॅशन नावाची येते त्याआधी ती आवाजाची येते. स्टॅन्ली लिबरसन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं २००० साली याच विषयावर एक पुस्तक लिहिलं. आईबाप एखाद्या नटीचं नाव उचलतात असं आपल्याला वाटतं. लिबरसनचं म्हणणं असं, की त्या नावाचा नाद आधीच लोकांच्या कानात रुळलेला असतो आणि प्रसिद्ध माणूस त्याच लाटेवर आलेला असतो. हे आपल्याकडे ताडून पाहायला फार लांब जावं लागत नाही. आज पन्नाशीच्या आसपासचे सचिन सातारा-सांगलीत भरपूर भेटतील. तेंडुलकरांमुळे त्यांची नावं पडली असणं शक्यच नाही, कारण सचिन तेंडुलकर पहिला कसोटी सामना खेळला नोव्हेंबर १९८९ मध्ये, आणि हे सगळे तेव्हा शाळेत होते. खुद्द तेंडुलकरांचं नाव १९७३ मध्ये त्यांच्या वडिलांनी संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलं. आजची लाट 'आ'ची आहे. आर्या, आरोही, आराध्या, आर्वी, आरव, आरुष. प्रत्येक घराला वाटतं आपण वेगळं नाव निवडलं. ते वेगळं असतंही, पण नाद तोच, म्हणून ऐकणाऱ्याला सगळी एकच वाटतात.

त्यात राशीच्या अक्षराची भर पडते. नक्षत्राच्या चरणावरून अक्षर निघतं आणि मोबाइलवर ते अक्षर टाकलं की यादी समोर येते. आर्द्रेच्या चरणांत 'ङ' येतो, हस्ताच्या चरणांत 'ण'. यावरून मराठी नाव काढायचं कसं? मग जवळचं अक्षर घेतलं जातं. पूर्वी जन्मनाव पत्रिकेत राहायचं आणि हाकेचं नाव घरातली माणसं ठरवायची. आता अनेक घरांत दोन्ही एकच झाली आहेत आणि हजारो घरं त्याच यादीतून निवडतात. हे मला खटकतं. यादीनं निवड वाढल्यासारखी वाटते, पण यादीच्या वरच्या टोकाची चार नावंच उचलली जातात.

अमेरिकेत दरवर्षी सरकारच नवजात बालकांच्या नावांची क्रमवारी प्रसिद्ध करतं. तिथं १९७० ते १९८४ अशी सलग पंधरा वर्षं मुलींमध्ये जेनिफर हे नाव पहिलं होतं. आज तिथं पहिल्या क्रमांकाचं नावसुद्धा शंभरात एखाद्याच मुलाला मिळतं, इतकी नावं विखुरली आहेत. आपल्याकडे अशी सरकारी क्रमवारी निघत नाही. आपला अंदाज हजेरीपट आणि बारशाच्या पत्रिकांवरच चालतो.

जुन्या नावांत एक गोष्ट मात्र होती, जी आज निसटते आहे. नावावरून गाव कळायचं, कुलदैवत कळायचं. मल्हारी, मार्तंड, खंडू म्हटलं की जेजुरी नाहीतर पाली. सिदू म्हटलं की म्हसवडचा सिद्धनाथ. काळूराम म्हटलं की मांढरदेव. जोतीराम असला की घरात वाडी रत्नागिरीच्या डोंगराचा गुलाल. याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. फुले घराणं मूळचं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं, आणि जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी जन्म झाला म्हणून मुलाचं नाव जोतिबा ठेवलं, असं महात्मा फुल्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. त्यांच्या सासऱ्यांचं नाव खंडोजी नेवसे पाटील, राहणार नायगाव. हे नायगाव लोणंदच्याच खंडाळा तालुक्यात आहे, आणि ३ जानेवारी १८३१ रोजी तिथंच सावित्रीबाईंचा जन्म झाला.

कधी नावात देवाबरोबर घरावर आलेली वेळही उतरायची. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्र्याचा. गाव तेव्हा साताऱ्यात, आता सांगली जिल्ह्यात. बाळंतपणात आईच्या जिवावर बेतलं तेव्हा आजीनं सागरेश्वराला साकडं घातलं, यश मागितलं, आणि त्याची आठवण म्हणून नातवाचं नाव यशवंत ठेवलं. 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात त्यांनीच हे लिहिलं आहे. नाव साधं, अनेकांचं. पण त्या घरात ते कुठून आलं हे सर्वांना ठाऊक होतं. नाव किती जणांचं आहे यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं. शंभू हे नाव आज घराघरांत ऐकू येतं. शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाला कावड नेणाऱ्या घरात ते ठेवलं असेल, किंवा संभाजी महाराजांच्या अभिमानानं, तर त्याच्यासारखी आणखी शंभर मुलं असली म्हणून काय झालं?

लोणंदकरांना तर हे वेगळं सांगायला नको. नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान घालून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम लोणंदला पडतो. त्या दिवसांत गावात जो दिसेल तो माऊली. पाणी वाटणारा माऊली, वाट विचारणारा माऊली, गर्दीत धक्का लागला तरी माऊलीच. लाखो माणसं एका नावानं हाक मारतात आणि ओ देतात.

आता सातारा जिल्ह्याची ती दुसरी गोष्ट. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात २८५ मुलींची नावं एका समारंभात बदलण्यात आली. त्या सगळ्यांचं जुनं नाव एकच होतं, नकुशी किंवा नकुसा. जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. भगवान पवार यांच्या पुढाकारानं गावोगावच्या अशा मुली शोधल्या गेल्या आणि नव्या नावाचं प्रमाणपत्र प्रत्येकीच्या हातात दिलं गेलं. दुसरी, तिसरी, चौथी मुलगी झाली की तिला हे नाव द्यायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. मुलगी मोठी व्हायची, शाळेत जायची, आणि बाई हजेरीत रोज तिला तेच ऐकवायच्या. गर्दीचं नाव म्हणायचं तर एका जिल्ह्यात शोधून २८५ सापडावीत, अशी ही गर्दी होती.

काही लोक याची सांगड दगडू, धोंडू, केरबा, भिकू या नावांशी घालतात. मला ती पटत नाही. आधीची मुलं दगावलेल्या घरात दगडू जन्मायचा. मृत्यूची नजर त्याच्यावर पडू नये म्हणून त्याला दगड म्हणायचं. त्या नावामागे मूल जगावं म्हणून केलेली धडपड होती. नकुशीमागे ती नव्हती. ते नाव देवाला उद्देशून होतं, आता मुली पुरे, आणि वाहावं लागायचं ते त्या मुलीला. त्या काळाची आकडेवारी याला जोडून वाचावी लागते. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३, आणि २०११ मध्ये ८९४. साताऱ्यातच ॲड. वर्षा देशपांडे आणि त्यांचं दलित महिला विकास मंडळ गर्भलिंगनिदानाविरुद्ध वर्षानुवर्षं लढत आले. जिला जन्मू दिलं, तिला नाव असं दिलं. हा एकाच मनोवृत्तीचा पुढचा भाग होता.

त्या दिवशी मुलींनी नावं काय निवडली? हे मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. काहींनी ऐश्वर्या घेतलं. काहींनी वैशाली. काहींनी सावित्री. जगात कुणाचंच नसेल असं नाव त्यांनी शोधलं नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलीचं असतं तसं, सिनेमातल्या नटीचं असतं तसं, चारचौघींचं नाव त्यांना हवं होतं. आयुष्यभर वेगळी ठरवली गेलेली मुलगी पहिली संधी मिळताच गर्दीतलं नाव घेते. नावांच्या सारखेपणाला नाकं मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

नाव ठेवताना आता थोडी घाई टाळावी, असं मात्र मला वाटतं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्या नोंदीत नाव असलंच पाहिजे असं नाही. ते बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागतो, त्यामुळे दाखल्यावर जे लिहिलं जाईल ते जन्मभर सोबत राहणार. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या कागदपत्रांत महाराष्ट्रात मुलाच्या नावापुढे आईचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव येतं. एका वर्गातल्या तीन आर्या ओळखायला त्यांच्या आयांची नावंही आता उपयोगी पडतील. मला याचा आनंद आहे.

तेव्हा आवडलं असेल तर आरव ठेवा, स्वरा ठेवा. तुमच्या घरात ते का आलं एवढं त्या मुलाला मोठं झाल्यावर सांगता आलं पाहिजे. सावित्री हे नाव खंडाळा तालुक्यातल्या पाळण्यांत पुन्हा ऐकू आलं तर मला फार बरं वाटेल. आणि एक विनंती. तुमच्या वाडीत, नात्यात, शाळेत कुणी नकुशी अजून असेल, तर तिच्या घरच्यांशी बोला. मुलगी शिकत असेल तर शाळा सुटण्याआधी मुख्याध्यापकांना गाठा, नंतर शाळेच्या रजिस्टरातलं नाव बदलणं अवघड होतं. ती मोठी झाली असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून नाव बदलता येतं. नवं नाव तिचं तिला ठरवू द्या. गावात दहा जणींचं असलेलं नाव तिनं मागितलं, तरी तेच द्या.