दारुड्याच्या घरच्यांनी जायचे कोठे?

आमच्या वस्त्यांमध्ये दारूविषयी भरपूर बोलले जाते. 14 एप्रिलच्या सभेत बोलले जाते, 6 डिसेंबरच्या अभिवादन सभेत बोलले जाते, वर्षावासाच्या प्रवचनमालेत तर एक दिवस खास याच विषयासाठी राखून ठेवलेला असतो. वक्ता पोटतिडकीने बोलतो. पिणाऱ्याने सोडली पाहिजे, गुत्ता बंद झाला पाहिजे, सरकारने महसुलाचा मोह टाकला पाहिजे. हे सारे बरोबरच आहे. परंतु त्याच सभेत पुढच्या सतरंजीवर लेकराला मांडीवर घेऊन बसलेली जी बाई असते, जिचा नवरा त्या क्षणी नाक्यावरच्या गुत्त्यात असतो, तिने उद्या सकाळी काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. ती टाळ्या वाजवते, पांढरी साडी सावरते आणि घरी जाते. घरी काय वाढून ठेवले आहे ते तिला ठाऊक असते.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्समार्फत करवून घेतलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात. त्यांपैकी 5 कोटी 70 लाखांवर लोकांना दारूच्या त्रासातून बाहेर येण्यासाठी मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांमागे केवळ एकाला काही ना काही उपचार मिळतो, असेही हे सर्वेक्षण सांगते. ही झाली पिणाऱ्यांची मोजदाद. त्या प्रत्येकामागे आई आहे, बायको आहे, शाळेत जाणारी मुले आहेत. घरटी चार माणसे धरली तरी हा आकडा 20 कोटींच्या पुढे जातो. त्यांच्या उपचाराचे काय? की ते आजारीच नाहीत असे आम्ही गृहीत धरले आहे?

चळवळीला आजवर दोन मार्ग ठाऊक आहेत. पहिला शीलाचा. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि पंचशीलातील पाचवे शील तर आमचे पोरही म्हणते. दुसरा मार्ग बंदीचा. गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी झाली, चंद्रपुरात 2015 साली झाली आणि 2021 साली ती उठवलीही गेली. महिलांनी मतदान करून बाटली आडवी करण्याची सोय आपल्या राज्यात आहे आणि आमच्या मायबहिणींनी अनेक गावांत ती करून दाखवली आहे. मुंबईत मालवणीला 2015 साली विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, ती बहुतेक कष्टकरी वस्तीतलीच होती. तेव्हा दुकानाविरुद्धचा लढा थांबता कामा नये, हे आम्ही ठासून सांगतो. पण शील पिणाऱ्याला उद्देशून आहे आणि बंदी विकणाऱ्याला. जी पीत नाही आणि विकतही नाही, तिच्यासाठी आमच्याकडे काय आहे?

जगात या प्रश्नाचा एक विचार झालेला आहे. अमेरिकेत 1935 साली दारुड्यांनीच दारुड्यांना सावरण्यासाठी ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना उभी केली. नवरे सभेत बसत आणि बायका बाहेर थांबत. बाहेर थांबलेल्या या बायका आपसात बोलू लागल्या, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की नवऱ्याच्या दारूने आपलेही डोके बिघडले आहे. 1951 साली लोइस विल्सन आणि तिच्या एका मैत्रिणीने ठिकठिकाणच्या अशा गटांना एकत्र आणले. त्यातून ‘अल-अ‍ॅनॉन’ हे कुटुंबीयांचे गट उभे राहिले. 1957 साली मुलांसाठी वेगळे गट निघाले. आज हे गट भारतातही चालतात, मराठीतही चालतात. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगणनेही व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांनाही हाताशी धरले.

अशाच एका कुटुंबीयांच्या गटाचे प्रतिनिधी म्हणून आम्ही काम करतो आहोत. आमच्या थोरल्या भावाच्या दारूने आमचे घर वीस वर्षे जाळले, म्हणून आम्ही त्या गटात गेलो. काळा कोट घालून गेलो नाही आणि कार्यकर्ता म्हणूनही गेलो नाही. एका दारुड्याचा भाऊ म्हणून गेलो. गटाचा नियम असा की वर्तमानपत्रात सभासदाने आपली ओळख उघड करायची नाही. म्हणून संपादकांना विनंती करून आज या स्तंभावर आमचे नाव छापलेले नाही, आणि गट कोणत्या वस्तीत बसतो तेही आम्ही सांगणार नाही. येथे मांडलेली मते आमची आहेत, गटाची नाहीत. गट बाहेरच्या कोणत्याही प्रश्नावर मत देत नाही.

प्रतिनिधी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर स्टेज, हार आणि बिल्ला येतो. येथे तसले काही नाही. तीन वर्षांची मुदत असते. गटातली माणसेच निवडतात. मानधन नाही, भाडेखर्चही अनेकदा पदरचा. काम काय? इतर गटांच्या प्रतिनिधींबरोबर बैठकीला जायचे, आपल्या गटाचे म्हणणे तेथे मांडायचे, तेथे ठरलेले परत येऊन गटाला सांगायचे, पुस्तिका आणायच्या, नवीन बाई दारात घुटमळत असेल तर तिला खुर्ची द्यायची. गटाला हुकूम सोडण्याचा अधिकार प्रतिनिधीला नाही. मुदत संपली की खुर्ची दुसऱ्याला द्यायची आणि आपण पुन्हा सतरंजीवर बसायचे.

हे आम्हाला परके वाटले नाही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. राजकारणातली विभूतिपूजा ही अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेणारी वाट आहे, ही एक. आणि भिक्खू संघात ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान यांचे नियम होते, म्हणजे लोकशाहीची रीत या भूमीला नवी नाही, ही दुसरी. आमच्या संघटनांच्या किती शाखांमध्ये मुदत संपल्यावर अध्यक्ष आपणहून उठतो? हा प्रश्न आम्ही येथे सोडून देतो. ज्याचा त्याने विचार करावा.

गटात कसे चालते तेही सांगितले पाहिजे, कारण त्याविषयी गैरसमज फार. आठवड्यातून एकदा, एक तास. हजेरीपट नाही. आडनाव विचारले जात नाही, आणि ज्या देशात आडनावावरून माणसाची जात ताडली जाते तेथे ही गोष्ट किती मोठी आहे हे या वाचकांना आम्ही सांगायला नको. एकाने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, मध्ये तोंड घालायचे नाही, सल्ला द्यायचा नाही. आम्हा वकिलांना यातले शेवटचे सर्वांत जड जाते. हळूहळू बाईला कळू लागते की त्याची दारू तिने लावली नाही, तिच्या उपासाने ती सुटणार नाही आणि त्याच्या खिशातल्या बाटल्या शोधत रात्र जागवण्यापेक्षा आपल्या पोराचा अभ्यास घेणे अधिक मोलाचे आहे. त्याच्या उधाऱ्या ती फेडत नाही. मालकाला ‘त्यांना ताप आहे’ असा खोटा निरोप धाडत नाही. नवरा पितच असतो, पण घरातले एक माणूस ताठ होते.

एक धर्मसंकट सांगतो. गट ज्या जागेत बसतो त्या जागेचे भाडे महिन्याला 300 रुपये. सभासद डब्यात पाच-दहा रुपये टाकतात, त्यातून ते भागते. आमच्याच वस्तीतले एक पुढारी, चळवळीतले वीस वर्षांचे आमचे सहकारी, वर्षभराचे भाडे एकरकमी द्यायला तयार झाले. मनाने उदार माणूस. अट एवढीच, की दारावर त्यांच्या नावाचा छोटा फलक लागावा. बाहेरचा पैसा घ्यायचा नाही, हा गटाचा नियम. गटाने चर्चा केली आणि नकार ठरला. तो नकार सांगायला जाणे हे प्रतिनिधीचे काम, म्हणून आम्ही गेलो. ‘आपल्या माणसाचा पैसा तुम्हाला बाटतो काय?’ असे त्यांनी विचारले. शब्द जिव्हारी लागणारा होता. आम्ही सांगितले, पैसा बाटत नाही. पण उद्या फलकाखालून आत जाणारी बाई कोणाच्या माणसाची, असा हिशोब वस्ती करू लागेल, आणि विरोधी गटाच्या कार्यकर्त्याची बायको त्या दारात कधीच पाऊल टाकणार नाही. त्यांना ते पटले नाही. तेव्हापासून ते आमच्याशी जयभीमपुरतेच बोलतात. पण त्यानंतर ज्या घरांतल्या बाया गटात आल्या, ती घरे निवडणुकीत एकमेकांच्या विरोधात उभी होती. मैत्रीची किंमत मोजून ही जागा सर्वांसाठी खुली राहिली, याचे आम्हाला समाधान आहे.

बौद्ध बांधवांचा एक आक्षेप रास्त आहे. या गटांच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो. ईश्वर न मानणाऱ्याने तेथे काय करायचे? मात्र प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे त्याचा अर्थ घ्यावा, एवढी मोकळीक तेथे दिलेली आहे. आम्ही संघ हा अर्थ घेतो. माणूस एकटा जे करू शकत नाही ते दहा माणसे एकत्र बसून करू शकतात, हे मानायला कोणत्याही देवाची गरज नाही. गटात आम्ही कोणाची प्रार्थना अडवत नाही आणि आमच्यावरही कोणी ती लादलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ऐकून घेणे पुरे आहे काय? मार खाणाऱ्या बाईला शांत राहायला शिकवणे म्हणजे तिला गुलामीची सवय लावणे नव्हे काय? येथे आम्ही स्पष्ट बोलतो. मार हा आजाराचा भाग म्हणून माफ होत नाही, तो गुन्हा आहे. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. घर नवऱ्याच्या नावावर असले तरी त्यात राहण्याचा हक्क बायकोला आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिलांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. 181 हा महिलांसाठीचा आणि 14446 हा व्यसनमुक्तीचा क्रमांक घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावा. गटाच्या तासात आम्ही वकिली करत नाही. तेथून अशील उचलणे बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही आणि आमच्या मनालाही पटत नाही. तास संपल्यावर कोणी विचारले तर विधी सेवा कार्यालयाचा पत्ता देतो. मात्र अनुभव असा आहे की जी बाई वर्षानुवर्षे गप्प होती, तिला आधी स्वतःचा आवाज ऐकू यावा लागतो. मगच ती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर बोलू शकते.

म्हणून गट हा मोर्चाला पर्याय नाही, आणि मोर्चाही गटाला पर्याय नाही. दारूच्या महसुलावर पोसलेल्या सरकारला जाब विचारण्याचे काम चळवळीचे. ते आम्ही कार्यकर्ता म्हणून करतो आणि करत राहू. त्या वेळी गटाचे नाव घेत नाही. गटात बसतो तेव्हा चळवळीचा बिल्ला खिशात ठेवतो.

आमची मुदत लवकरच संपते आहे. पुढचा प्रतिनिधी कोण, हे गट ठरवील. धुणीभांडी करणारी एखादी ताई निवडून आली तर वकिलाच्या जागी ती बसेल आणि आम्ही तिला पुस्तिकांचा गठ्ठा सोपवू.

तोवर विहार समित्यांना आमची एकच विनंती आहे. आठवड्यातून एक तास विहारातली एक खोली अशा गटासाठी द्या. भाडे घ्या, कारण ते फुकट बसणार नाहीत. फलक लावू नका, फोटो काढू नका, कोण आले-गेले याची चौकशी करू नका. दाराबाहेर चपला दिसल्या की समजा, आत कोणीतरी पहिल्यांदाच खरे बोलते आहे. पाचवे शील आपण म्हणतो ते पिणाऱ्याच्या भल्यासाठी. त्याच्या घरच्यांच्या भल्यासाठी निदान एक दार उघडे ठेवू या.

जयभीम!