पेपर फुकट, पण आपोआप नाही!

फायनल इयरचा प्रोजेक्ट, विषय एआय. सांगलीतल्या हॉस्टेलवर बसून तुम्ही रिसर्च पेपर शोधताय. हवा तो सापडतो, क्लिक करता आणि समोर पैसे मागणारं पान! एका पेपरचे तीस-चाळीस डॉलर, म्हणजे जवळपास महिन्याची मेस. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून २०२५ पासून हजारो जर्नल्स खुली झाली, पण ती सरकारी संस्थांसाठी. तुमचं कॉलेज खासगी असेल तर?

तरी टॅब बंद करू नका. एआयमधलं बरंच संशोधन फुकट वाचता येतं, आणि त्यासाठी काहींनी भूमिका घेतलीय. २००१ मध्ये 'मशीन लर्निंग' या जर्नलच्या संपादक मंडळातल्या ४० जणांनी राजीनामे दिले. लेख संशोधक लिहिणार, तपासणार तेच, मग वाचणाऱ्याला एवढा भुर्दंड का, हा वाद होता. त्यातून 'जर्नल ऑफ मशीन लर्निंग रिसर्च' हे खुलं जर्नल पुढे आलं. १९९१ पासूनचं 'अर्काइव्ह' तर आहेच. चॅटजीपीटीच्या मुळाशी असलेला ट्रान्सफॉर्मरचा २०१७ चा पेपर तिथे आजही फुकट मिळतो. त्याच्या आठ लेखकांपैकी निकी परमार पुण्याच्या पीआयसीटीची विद्यार्थिनी!

त्याच कॉलेजातल्या मुलांनी 'एल-थ्री-क्यूब' गटातून २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्विट्स घेतली. प्रत्येकाला सकारात्मक, नकारात्मक की तटस्थ, असं लेबल लावलं. पेपर खुला ठेवला, डेटाही खुला ठेवला. मराठीवर काम करायचं तर आज तुम्हाला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही, ती यामुळे.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. अर्काइव्हवरचा प्रत्येक पेपर तज्ज्ञांनी तपासलेला असतोच असं नाही, म्हणून तो नंतर कुठल्या परिषदेत किंवा जर्नलमध्ये स्वीकारला गेला का, ते बघा. आणि 'पैसे भरा, चार दिवसांत पेपर छापून देतो' असा मेसेज आला तर त्याला ओपन ॲक्सेस समजू नका. तो नुसता धंदा आहे.

आपल्या भागाला हे नवं नाही. साताऱ्यातल्या वाईत तयार झालेला मराठी विश्वकोश आज कुणीही मोबाइलवर फुकट वाचू शकतं. मग तुमच्या प्रोजेक्टचं काय? सबमिशन झालं की तो लॅबच्या कपाटात जाणार? 'काय कराय लागलायस?' हे आपलं रोजचं बोलणं मशीनला कळायचं असेल, तर त्याचा डेटा पुण्या-मुंबईचं कुणी येऊन गोळा करणार नाही. या सुट्टीत गावाकडं चाललाय ना? परवानगी घेऊन शंभर वाक्यं रेकॉर्ड करा, नीट लिहून काढा आणि खुली ठेवा. पुढच्या वर्षी कराडच्या एखाद्या पोराला ती फुकट मिळतील.